आत्याचे शेत आणि मातीचा अहवाल : निवेदनात अनुभव व पुरावा कसा जोडावा

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील खाजनकाठच्या (खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन) एका गावातून एका शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. गावच्या बांधावरचा मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे झडपेचे दार, दोन वर्षे नादुरुस्त आहे, उधाणाच्या भरतीला खारे पाणी शेतात शिरते आणि कुळांनी एकेक करून शेती सोडायला सुरुवात केली आहे. ग्रामसभेत मांडण्यासाठी व नंतर शासनाकडे पाठवण्यासाठी निवेदन लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. पहिल्या मसुद्यात त्यांनी आपल्या आत्याच्या शेताची हकिकत लिहिली. ती वाचून एका ज्येष्ठ पंचांनी ‘हे भावनेचे झाले, आकडे आणा’ असे सांगितले. आकडे घालून केलेला दुसरा मसुदा घरातही कोणी शेवटपर्यंत वाचला नाही. तिसऱ्यात त्यांनी दोन्ही एकत्र केले, तरी तो परिणामकारक वाटत नाही. ‘अनुभव ठेवू की पुरावा?’ असे त्यांनी विचारले आहे. निवेदने, जाहीर पत्रके आणि वाचकांची पत्रे तपासण्यात व लिहायला शिकवण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

दोन्ही ठेवावेत. आपल्या तिन्ही मसुद्यांत साहित्याची उणीव नाही. प्रसंग आणि आकडा यांना जोडणारे जे वाक्य असायला हवे, ते मात्र त्यांपैकी एकातही नाही, आणि तिसरा मसुदा म्हणूनच दोन वेगवेगळे कागद टाचल्यासारखा वाचला जातो.

या वाक्याला आपल्या परंपरेत नाव आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच अवयवांचे वाक्य सांगितले आहे. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे, हा उपनय. आणि म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. यातले उदाहरण नीट पाहावे. तिथे नुसते स्वयंपाकघर नाही. ‘जिथे जिथे’ हा नियम आणि ‘जसे’ने येणारी ओळखीची जागा एकाच वाक्यात आहेत. नियमाशिवाय स्वयंपाकघर सांगितले तर ती एका घराची गोष्ट राहते, आणि स्वयंपाकघराशिवाय नियम सांगितला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. त्यानंतरचा उपनय तो नियम पुन्हा समोरच्या पर्वताला लावून दाखवतो. आत्याचे शेत हे आपले स्वयंपाकघर आहे. किती कुळांच्या शेतात तेच घडले, हा आपला नियमाकडे नेणारा पुरावा आहे. आत्याचे शेत त्या सर्वांपैकी एक कसे, आणि ते का निवडले, हे सांगणारे वाक्य आपल्याला लिहायचे आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी बेटावर वाढलो. तरुणपणी फेरीबोटीच्या रात्रीच्या फेऱ्यांविषयी मी एक लेख लिहिला. शेजारच्या काकींना रात्री छातीत दुखू लागले, आम्ही त्यांना खुर्चीत बसवून धक्क्यावर आणले आणि पैलतीरावर दिवे लावून उभी असलेली फेरी पाऊण तास हलली नाही, हे मी तपशीलवार लिहिले होते. लोक रस्त्यात थांबवून हळहळले. पुढे झालेल्या बैठकीत संबंधित अधिकाऱ्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, ‘ती रात्र कोणती?’ त्यांच्यापुढे नोंदवही होती. त्या रात्री इंजिन बिघडल्याची नोंद तिच्यात होती, आणि महिन्यातल्या बाकीच्या रात्री फेऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्याचे लिहिले होते. माझा प्रसंग शब्दशः खरा होता, तरीही आमची मागणी त्या दिवशी तिथेच थांबली.

त्यानंतर मी पंधरा रात्री धक्क्यावर जाऊन बसलो. दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले होते: फेरीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटल्याची वेळ आणि अलीकडे राहून गेलेली माणसे. पावसाच्या शिंतोड्यांनी शाई फुटू लागली, म्हणून चौथ्या रात्रीपासून शिसपेन्सिल घेतली. पंधरांपैकी सहा रात्री शेवटची फेरी वेळेच्या आधी सुटली होती, आणि आमचे खरे दुखणे तेच होते. मग काकींचा प्रसंग मला वगळावा लागला, कारण त्या रात्रीचे कारण वेगळे होते. त्याच्या जागी मी हॉटेलातली पाळी संपवून धावत आलेल्या आणि फेरी डोळ्यांदेखत निघून गेल्यामुळे धक्क्यावरच्या बाकावर रात्र काढलेल्या एका तरुणाचा प्रसंग घेतला. काकींच्या प्रसंगाइतका तो हृदयद्रावक नव्हता. पण वहीतल्या सहा रात्रींपैकी एका रात्रीचा तो होता, त्याची तारीख वहीत होती, आणि दुसऱ्या बैठकीत चर्चा थेट वेळापत्रकावर सुरू झाली.

म्हणून प्रसंग निवडताना ‘मनाला भिडणारा कोणता’ हा प्रश्न नंतरचा ठेवावा. आधी विचारावे की, ज्या कारणाबद्दल माझी तक्रार आहे, त्याच कारणाने हे घडले का? आपल्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मानसाची फळी भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलून उघडते; ती सडली किंवा अडकली तर खारे पाणी आत येते, हे खरे. पण खाजनात खारे पाणी येण्याची दुसरीही कारणे असतात. बांधाला अन्यत्र भगदाड पडलेले असते, किंवा मासळीसाठी मानस मुद्दाम उघडा ठेवला जातो, आणि यावरून गावोगावी वाद आहेत. आत्याचे शेत भगदाडाजवळ असेल तर तिची हकिकत मानसाच्या मागणीला आधार देत नाही, आणि आपल्या गावातलाच कोणी ग्रामसभेत उभा राहून ते दाखवून देईल. गावाचा नकाशा काढून मानस, बांधाच्या कमकुवत जागा आणि आत्याचे शेत त्यावर दाखवा; एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावरून सर्व्हे क्रमांक लिहा. शेत मानसातून येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर असेल तरच तो प्रसंग घ्या.

पुराव्याच्या बाजूने सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे मातीची तपासणी. भात खारटपणा काही प्रमाणात सोसते. खारटपणा विद्युतवाहकतेने मोजतात; मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता साधारण ३ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या पुढे गेली की सर्वसाधारण वाणांचे उत्पन्न घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककामागे ही घट सुमारे १२ टक्के धरली जाते. आपल्याकडचे कोरगुट हे भाताचे पारंपरिक वाण यापेक्षा अधिक सोसते, म्हणूनच ते खाजनात टिकले. तेव्हा आत्या कोरगुट लावत होती की दुसरे बियाणे, हेही लिहायला हवे. अहवाल घेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. अनेक प्रयोगशाळा माती पाण्यात कालवून वाहकता मोजतात आणि तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा कमी येतो, म्हणून कोणत्या पद्धतीने मोजले ते अहवालावर लिहून घ्यावे. दुसरे असे की, खाजनातली माती मे महिन्यात निसर्गतःच अधिक खारट असते आणि पावसाचे गोडे पाणी ते मीठ धुऊन नेते. मे महिन्यातला नमुना दाखवून पिकाच्या नुकसानीचा दावा केला, तर तो मुद्दाम निवडलेला पुरावा ठरेल. पीक उभे असताना नमुने घ्यावेत. एक मानसाजवळचा, एक मधला, एक दूरचा. मानसाजवळ खारटपणा अधिक आणि दूर जाल तसा कमी, असा उतार दिसला, तर ते तीन आकडे पानभर वर्णनाइतके बोलतील.

आकड्यांबाबत गोव्यातल्या लेखकाने एक विशेष काळजी घ्यावी. आपला प्रदेश ३,७०२ चौरस किलोमीटरचा, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४,५८,५४५ होती. एवढ्या लहान प्रदेशातल्या एका गावाचे आकडे काढले की ते फार लहान असतात, आणि लहान आकड्यांची टक्केवारी वाचकाला सहज चकवते. गतवर्षी दोन कुळांनी शेती सोडली आणि यंदा चार जणांनी, तर ‘शेती सोडण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांनी वाढले’ हे वाक्य गणिताने बरोबर असले तरी लिहू नये. दोनाचे चार झाले असेच लिहावे. चार घरे म्हणजे काय हे गाव जाणते. जनगणनेचा आकडा वापरताना वर्षही त्याच वाक्यात यावे. २०२१ ला ठरलेली जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे २०११ चे आकडे आजही वर्तमानकाळात लिहिले जातात, हे मी रोज पाहतो आणि प्रत्येक वेळी दुरुस्त करतो.

आपल्या बाजूला गैरसोयीचा असलेला आकडा लपवू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात असलेल्या वादाचे उदाहरण घेऊ, कारण त्या प्रश्नावर आपल्याकडे उत्कटतेने लिहिले जाते आणि तसे लिहिलेही पाहिजे. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले. पुष्कळ पत्रांत ‘कर्नाटक १३.४२ टीएमसी पाणी पळवणार’ असे वाक्य येते. पण त्यातले ८.०२ टीएमसी जलविद्युत प्रकल्पासाठी आहे, आणि कर्नाटकातील मलप्रभा नदीच्या खोऱ्यात वळवण्यासाठी मान्य झालेले पाणी ३.९ टीएमसी आहे. ज्याला हा हिशेब ठाऊक आहे, तो पहिल्याच वाक्यावर पत्र बाजूला ठेवतो, आणि मग लेखकाने आपल्या गावच्या आटलेल्या झऱ्याविषयी लिहिलेला खरा, मोलाचा अनुभवही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ३.९ हा आकडाही लहान नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर; तेव्हा ३.९ टीएमसी म्हणजे अकरा हजार कोटी लिटरहून अधिक पाणी. योग्य आकडा वाचकाच्या मापात उतरवून दिला, तर फुगवण्याची गरज उरत नाही.

प्रसंग आणि आकडे नुसते शेजारी ठेवल्याने परिणाम वाढतो असे आपण गृहीत धरतो, ते बरोबर नाही. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना पाच डॉलर देऊन आफ्रिकेतील उपासमारीसाठी दान मागितले होते. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. केवळ आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४ डॉलर, आणि रोकियाबरोबर आकडेवारीही वाचलेल्यांनी १.४३ डॉलर. आकडे जोडल्यावर मुलीचा परिणाम बराच ओसरला. आपला तिसरा मसुदा का फसला, याचे एक उत्तर इथे आहे: आत्याच्या शेतात उभ्या असलेल्या वाचकाला पुढच्याच ओळीत आपण तक्त्यापुढे नेऊन बसवले. मात्र या प्रयोगातून ‘आकडे टाळा’ असा निष्कर्ष काढू नये. तिथे प्रश्न खिशातून काही पैसे देण्याचा होता. आपल्याला सार्वजनिक निधी मंजूर करून घ्यायचा आहे, आणि तो मंजूर करणाऱ्याला वरच्या अधिकाऱ्याला कारण दाखवावे लागते. त्याच्या फाइलीत आत्याचे अश्रू जाऊ शकत नाहीत, मातीचा अहवाल जाऊ शकतो. म्हणून ग्रामसभेत वाचायच्या मजकुरात प्रसंग आधी आणि एकच आकडा घ्यावा. शासनाकडे जाणाऱ्या निवेदनात मागणी व पुरावा आधी आणि प्रसंग चार-पाच ओळींत द्यावा. एकच मसुदा दोन्हीकडे पाठवणे हा या कामातला सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे.

स्वतःच्या अनुभवाचा आधार कसा घ्यावा, याचा एक नमुना मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवतो. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात ते आपला शिक्षणातील अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता असल्याचे आधी सांगतात, स्वतः काढलेल्या शाळांची माहिती देतात, आणि मग सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येत असता शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला कसा जातो, हा व्यापक प्रश्न मांडतात. आपल्या अनुभवाची हद्द त्यांनी स्वतः आखून दिली, त्यामुळे हद्दीच्या आतले त्यांचे म्हणणे डावलणे अवघड झाले. ‘माझ्या गावापुरते मी पाहिले आहे’ असे म्हणणारा लेखक दुबळा ठरत नाही.

उलट, हद्द न आखलेली आठवण किती दूर नेते, हे आपल्या घराघरांत ऐकू येते. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाविषयी जुन्या माणसांना विचारा. फूल ही विलीनीकरणाच्या बाजूची निशाणी होती आणि दोन पाने विरोधाची. एका वाड्यावर ‘आमच्याकडे सगळे फुलावरच होते’ असे सांगतात, दुसऱ्या वाड्यावर ‘सगळे दोन पानांवर’. दोघेही आपापल्या वाड्याबद्दल खरे सांगत असतील. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली; फरक ३४,०२१ मतांचा. त्यातून ‘गोव्याने एकमुखाने ठरवले’ असेही निघत नाही आणि ‘निकाल संशयास्पद होता, कारण आमच्या गावात कोणीच तसे मत दिले नव्हते’ असेही निघत नाही. वाड्याची आठवण वाड्यापुरती ठेवली तर ती मोलाची साक्ष असते.

आता आपल्या मसुद्याकडे येऊ. आपले वाक्य असे आहे: ‘माझी आत्या शेताकडे पाहून रोज रडते. गावातील शेती उद्ध्वस्त झाली आहे. शासनाने त्वरित लक्ष द्यावे.’ पहिल्या वाक्यातून दुसऱ्यात जाताना मधली पायरी गळली आहे, आणि तिसऱ्यात नेमके काय करावे हे सांगितलेले नाही. मी ते पुढीलप्रमाणे लिहिले असते. यातले आकडे केवळ रचना दाखवण्यासाठी आहेत, त्या जागी आपण स्वतः मोजलेले आकडे घालावेत.

‘मानसाच्या आतल्या बाजूस असलेल्या २६ कुळांपैकी १९ जणांनी गेल्या दोन हंगामांत निम्म्याहून कमी भात कापले किंवा पेरणीच केली नाही. माझ्या आत्याचे शेत या १९ पैकी एक असून ते मानसापासून सुमारे दोनशे मीटरवर आहे. तिने ऑगस्टमध्ये लावणी पूर्ण केली. पुढच्या उधाणाला पाणी आत आले आणि आठ दिवसांत रोपांची टोके भाजल्यासारखी तांबूस झाली. उरलेल्या सात शेतांत, जिथे हे पाणी पोहोचत नाही, त्याच काळात पीक उभे होते. मानसाची सडलेली फळी बदलावी आणि चौकटीची डागडुजी पुढील पेरणीपूर्वी करावी, ही आमची मागणी आहे.’

‘या १९ पैकी एक’ हे चार शब्द उपनयाचे आहेत. त्यांच्यामुळे आत्या आकड्याच्या आत जाऊन उभी राहते आणि उरलेली अठरा शेते तिच्यामागे दिसू लागतात. न बिघडलेल्या सात शेतांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पाऊस किंवा बियाणे हे कारण असते तर तीही गेली असती. ‘रोज रडते’ काढून रोपांची तांबूस टोके घेतली, कारण ती ज्याला पाहायची आहेत त्याला शेतावर येऊन पाहता येतात.

आत्याची परवानगी घेतली आहे का, हे आपल्या पत्रात कुठे दिसले नाही. गाव लहान असते. नाव वगळले तरी मानसापासून दोनशे मीटरवरचे शेत कोणाचे, हे प्रत्येकाला कळते. भाटकाराशी (जमीनमालकाशी) कुळाचा वाद चालू असेल, किंवा शेत पडीक राहिल्याची नोंद तिच्या हक्कावर परिणाम करू शकत असेल, तर आपले निवेदन तिच्याविरुद्ध वापरले जाईल. मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तिने एखादी ओळ काढायला सांगितली तर कारण न विचारता काढा. दुसऱ्या कोणाच्या शेताचा प्रसंग घेता येईल.

दुरुस्तीसाठी पूर्वी अर्ज गेले असतील तर त्यांच्या प्रती आणि त्यांवर झालेली कार्यवाही माहिती अधिकारात मागवा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून तो अर्ज या आठवड्यातच द्यावा. दरम्यान, येणाऱ्या अमावास्येला आणि त्यानंतरच्या दोन दिवशी, भरती पूर्ण भरण्याच्या सुमारास, दोन कुळांना बरोबर घेऊन मानसापाशी जा. फळीच्या आतल्या बाजूस खुणा केलेली काठी रोवा, दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची वहीत लिहा, तारीख व वेळ दिसेल असे छायाचित्र घ्या आणि पानाखाली तिघांच्या सह्या करा. ते पान निवेदनाला पहिले जोडपत्र म्हणून लावा, मातीचा अहवाल दुसरे, आणि त्यानंतर मसुदा मला पुन्हा पाठवा.